ओला टॉवेल, घोरणं आणि ‘पाच मिनिटांत आलो’: जोडीदाराच्या सवयींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या लग्नाला २७ वर्षं झाली. मी समुपदेशक नाही की डॉक्टर नाही. बँकेत नोकरी केली, डोंबिवलीत दोन खोल्यांत संसार केला, आणि सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात वीसेक वर्षं उभ्याने प्रवास करताना एकाच विषयावर सगळ्यात जास्त ऐकलं: घरचा माणूस आणि त्याच्या सवयी. मैत्रिणी, भाच्या, शेजारणी आणि (दबक्या आवाजात) त्यांचे नवरे मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी केलंय. जिथे कुणी अभ्यास केलाय तिथे तो सांगितलाय. बाकी सगळं माझं मत, आणि ते गोडच असेल असं नाही.

एवढ्याशा गोष्टीवरून माझं डोकं इतकं का फिरतं? मीच चिडकी झालेय का?

नाही. पहिल्या वर्षी पेस्टचं टोपण उघडं राहिलं तर ते नुसतं उघडं टोपण असतं. बाराव्या वर्षी त्याच टोपणासोबत मागची अकरा वर्षं येतात. तेव्हा टोपण दिसतच नाही, ‘हिला काय, ही लावेल’ हे वाक्य दिसतं. ते त्या बापड्याने कधी उच्चारलेलंही नसतं.

अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठाचे मायकल कनिंगहॅम यांनी या प्रकाराची तुलना अ‍ॅलर्जीशी केली आहे. पहिल्यांदा धूळ नाकात गेली की एखादी शिंक येते. पुन्हा पुन्हा जात राहिली की कणभर धुळीनेही नाक लाल होतं. ‘सवय होईल गं हळूहळू’ असं आपल्या मावश्या-आत्या सांगतात, त्यांचा हेतू चांगला असतो, पण नाकाचा अनुभव उलट आहे. त्यामुळे बाराव्या वर्षी जास्त राग येतो यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधत बसू नका.

मग लग्नाआधी हे दिसलं कसं नाही?

दिसलं होतं. आवडलंही होतं. समाजशास्त्रज्ञ डायान फेल्मली यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारल्या होत्या: त्या व्यक्तीत आधी काय आवडलं, आणि नंतर काय खटकायला लागलं. बऱ्याच जणांच्या दोन्ही उत्तरांत गुण एकच निघाला, फक्त नाव बदललेलं.

आपल्याकडचा तर्जुमा मी देते. ‘मुलगा शांत आहे हो’ याचं पुढे ‘तोंडातून शब्द फुटेल तर शपथ’ होतं. ‘हौशी आहे’ याचं ‘उधळ्या’. ‘घर अगदी आरशासारखं ठेवते’ याचं ‘बसलेल्या माणसाचे पाय उचलून खालची फरशी पुसते’. शिवाय कांदेपोह्यांच्या वेळी ओला टॉवेल कुणी ट्रेमधून आणून दाखवत नाही.

नवरा अंघोळीनंतर ओला टॉवेल गादीवर टाकतो. काही उपाय आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि यातली मी जाणकार आहे.

आमच्याकडे हे अकरा वर्षं चाललं. मी रोज ओरडायची, ‘टॉवेल!’ तो रोज म्हणायचा, ‘हो, हो.’ दोघांनाही लोकल गाठायची असायची, टॉवेल तिथेच. संध्याकाळी घरी आलं की चादरीवर दमट ठिगळ, आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास. विनवून झालं, रागावून झालं, एकदा तो टॉवेल मी त्याच्या उशीखाली घालून ठेवला, तेही झालं. (त्या रात्री तो त्याच उशीवर शांत झोपला. असो.)

एका रविवारी भांडायचाही कंटाळा आला होता म्हणून मी नुसती बघत राहिले. तो अंग पुसत बाथरूममधून बाहेर आला. कपडे कपाटात, कपाट आतल्या खोलीत. दोरी मात्र गॅलरीत. गॅलरीत जायचं तर बाहेरची खोली ओलांडायची, आणि तिथे सासूबाई आणि समोरच्या काकू चहा घेत बसलेल्या. उघड्या अंगाने ओला टॉवेल घेऊन काकूंसमोरून जायला हा माणूस लाजत होता! म्हणून तो आधी आत जाऊन कपडे घालायचा, तोवर हातातला टॉवेल गादीवर टेकवायचा, आणि शर्टाची बटणं लावेपर्यंत टॉवेल डोक्यातून गेलेला असायचा. अकरा वर्षांत हे मला सांगावंसं त्याला वाटलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही, मी फक्त सांगत होते.

त्याच आठवड्यात आतल्या खोलीच्या दारामागे दोन हूक ठोकून घेतले. आता आठवड्यातले पाच दिवस टॉवेल हुकावर असतो. उरलेल्या दोन दिवशी मी उचलून अडकवते आणि काही बोलत नाही.

तेव्हापासून कुणी सवयीची तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारते, ‘ती वस्तू जिथे असायला हवी तिथपर्यंतचा रस्ता कसा आहे?’ खुर्चीवर कपड्यांचा ढीग होत असेल तर त्या खुर्चीच्या जागी टोपली ठेवून बघा. गिझर चालू राहत असेल तर बटणाशेजारी दिवा लागणारा बोर्ड बसवा. चाव्या रोज हरवत असतील तर चपलांच्या कपाटावर एक वाटी ठेवा, आत शोकेसमध्ये नको. पंख्याच्या वेगावरून रोज भांडण होत असेल तर दुसरं पांघरूण आणा. एकाच पांघरुणात दोघांनी झोपायचं असा कुठलाही कायदा नाही.

सांगून सांगून थकले. किती वेळा सांगायचं, आणि कसं?

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी कित्येक वर्षं जोडप्यांना प्रयोगशाळेत समोरासमोर बसवून त्यांचे वाद टिपले. संसार पोखरणाऱ्या चार गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या: माणसावर टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव, आणि भिंतीसारखं गप्प होणं. यांत सगळ्यात विषारी त्यांनी तुच्छतेला ठरवलं.

आपल्या घरात हे कसं ऐकू येतं ते बघा. ‘टॉवेल वाळत घाल’ ही तक्रार झाली, ती चालते. ‘तू मुळातच आळशी आहेस’ ही टीका. ‘तुमच्याकडे कुणालाच पद्धत नाही’ ही तुच्छता, आणि यात आता टॉवेलसोबत सासरे, दीर आणि त्यांचं गावाकडचं घरही आलं. मराठी तुच्छतेचा आणखी एक खास प्रकार आहे: माणूस समोर असताना हवेत बोलायचं. ‘काही लोकांना घर म्हणजे लॉज वाटतं.’ सोबत ओट्यावर पातेलं आपटायचं. याचा उपयोग होत नाही हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्या ओट्याचा टवका उडालाय आणि सवय तशीच आहे.

जे मला उपयोगी पडलं ते असं: ज्या क्षणी चीड येते त्या क्षणी बोलायचं नाही, आणि सकाळच्या घाईत तर नाहीच. मुलांसमोर, सासूसमोर, गाडी चालवताना नाही. एका वेळी एकच गोष्ट. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द वगळायचे, कारण ते ऐकले की समोरचा माणूस अपवाद शोधायला लागतो (‘गेल्या मंगळवारी टाकला होता की दोरीवर!’) आणि पुढचा अर्धा तास मंगळवारवर जातो. आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते शेवटी सांगायचं. ‘जरा लक्ष देत जा घरात’ याने काही होत नाही. ‘रात्रीची कचऱ्याची बादली तू बाहेर ठेव’ याने होतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बदलतात का माणसं खरंच?

काही बदलतात, आणि फार हळू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी नवी सवय लावून घ्यायला सांगितली, म्हणजे जेवणासोबत फळ खाणं वगैरे. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं; पण कुणाला १८, तर कुणाला २५४. आणि ही स्वतःहून तयार झालेली माणसं होती. तुमच्या नवऱ्याने किंवा बायकोने कुठल्याच फॉर्मवर सही केलेली नाही, तेव्हा ‘काल सांगितलं, आज परत तेच’ यावर रडू नका.

दुसरा आकडा मला जास्त दिलासा देतो. गॉटमन यांच्या नोंदींनुसार जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत. सुखी जोडप्यांचेही नाहीत. ती वर्षानुवर्षं त्याच त्या विषयावर येतात, फक्त त्यांना त्यावर हसता येतं. आमच्याकडे ‘स्टेशनवर किती आधी पोहोचायचं’ हा असा विषय आहे. मी एक तास आधी, तो गाडी फलाटाला लागताना. २७ वर्षांत यावर तोडगा निघालेला नाही. आता मी बॅगा घेऊन आधी निघते आणि फलाटावर पेपर वाचते. तो येतो, धापा टाकत. दोघांचंही म्हणणं खरं ठरतं.

‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून पाऊण तास लावतो. काय करू?

त्याच्या पाच मिनिटांचा भाव काय आहे तो एकदा ठरवून घ्या (आमच्याकडे एकास सात) आणि त्याप्रमाणे कुकर लावा. लग्नकार्याला जायचं असेल तर मुहूर्त कितीचा ते त्याला सांगू नका, निघायचं कितीला ते सांगा.

नवरा भयंकर घोरतो. झोपच होत नाही. हीसुद्धा सवयच ना?

इथे थांबा. घोरणं ही सवय नाही, आणि काही वेळा तो आजार असतो.

आमच्याकडे आधी ‘मी घोरतच नाही’ हा टप्पा झाला. मग मी एका रात्री पावणेतीनला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला. सकाळी ऐकून म्हणाला, ‘हा पंखा आहे.’ दुसऱ्या रात्री पंखा बंद करून रेकॉर्ड करायला बसले, तेव्हा मला आवाजापेक्षा वेगळंच काहीतरी कळलं. आवाज मध्येच थांबत होता. पूर्ण शांतता. छाती हलतेय पण श्वास नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. चौदापर्यंत आले, आणि मग एकदम पाण्याखालून वर यावं तसा मोठा घुरका, आणि परत सुरू. इतकी वर्षं मी त्या शांततेची वाट बघत होते, कारण तेव्हाच मला डोळा लागायचा.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, आणि सकाळी त्याला काहीही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक प्रसंग धरतात. तासाला असे किती प्रसंग होतात ते मोजतात: पाचाच्या वर सौम्य, पंधराच्या वर मध्यम, तिसाच्या वर तीव्र. उपचार नाही झाला तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागू शकते.

लक्षणं बघा: श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठणं, दुपारी मीटिंगमध्ये पेंगणं, वाढलेला रक्तदाब, जाड मान. यातलं काही असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. झोपेची तपासणी होते. छातीला पट्टे, बोटाला चिमटा, डोक्याला तारा लावून रात्रभर झोपवतात. साधी तपासणी घरीही करता येते. काहींना वजन कमी करून, कुशीवर झोपून, रात्रीची दारू बंद करून फरक पडतो. बऱ्याच जणांना सीपॅप नावाचं मशीन लागतं. नाकावर मास्क, नळी, आणि हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार १९८१ मध्ये जगासमोर आणला.

पहिले पंधरा दिवस नवरा त्या मास्कमध्ये फायटर विमानाच्या पायलटसारखा दिसायचा आणि तसाच चिडायचा. आता मास्क नसेल तर तो झोपत नाही. रात्री नुसती हवेची बारीक फुसफुस. मला मात्र अजून कधीतरी पावणेतीनला जाग येते आणि मी कानोसा घेते.

आणि हो, बायकाही घोरतात, फक्त त्यांना तपासायला कुणी नेत नाही. रजोनिवृत्तीनंतर हा आजार बायकांत वाढतो.

वेगळ्या खोलीत झोपलो तर चालेल का? लोक काय म्हणतील?

खोली असेल तर चालेल. मुंबईत लोकांचा प्रश्न नाही, खोलीचा आहे.

तो जेवताना जो मचमच आवाज करतो, तो ऐकला की मला ताटावरून उठून जावंसं वाटतं.

थोडं किळसवाणं वाटणं वेगळं. पण चावण्याचा, घोट घेण्याचा, नाक ओढण्याचा आवाज आला की छातीत धडधड, अंगावर शहारा, पळून जावंसं वाटणारा संताप असं होत असेल तर याला मिसोफोनिया म्हणतात. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी हे नाव २००१ मध्ये दिलं. म्हणजे इथे त्रास तुमच्या कानामेंदूचाही आहे, सगळा त्याच्या जबड्याचा नाही. त्याला हे शांतपणे सांगा. जेवताना रेडिओ लावा. समोर बसण्याऐवजी शेजारी बसा. ऐकायला वेडगळ वाटतं, पण माझ्या एका मैत्रिणीचा संसार जेवणाच्या टेबलाची बाजू बदलल्यावर बराच शांत झाला.

मी बोलते ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो. मुद्दामच ना?

वय साठीकडे असेल तर आधी कान तपासा, मग मन. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरं. म्हणून मित्राचा खर्जातला फोन त्याला नीट ऐकू येतो आणि तुमचं ‘सात वाजता’ ऐकू येत नाही. बायकोला वाटतं, ‘मित्राचं बरं ऐकू येतं!’ टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, गर्दीत तो ‘हं, हं’ करत नुसता हसत असेल, तर ऑडिओमेट्री करून घ्या. बंद केबिनमध्ये हेडफोन लावून होणारी साधी तपासणी आहे. कान ठणठणीत निघाले तर मग भांडा, पुराव्यानिशी.

(एका नवऱ्याचा प्रश्न) बायको चारचौघांत माझं वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करते. ‘बुधवार नव्हता, गुरुवार होता.’ तिला कसं सांगू?

मी ती बायको आहे. आम्हाला तो गुरुवारच होता हे पक्कं आठवत असतं, आणि चुकीचा बुधवार हवेत लटकत ठेवणं जमत नाही. पण तुमचा किस्सा गुरुवारवर अवलंबून नव्हता, आणि तुमचा चेहरा पडतो तो सगळ्यांना दिसतो. घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी, ‘मला लहान झाल्यासारखं वाटतं’ एवढंच सांगा. ‘तू फार शहाणी’ म्हणू नका. माझ्या नवऱ्याने एवढंच सांगितलं होतं. आता मी टेबलाखाली हाताच्या बोटांवर तारखा दुरुस्त करते.

घरातलं सगळं मीच करते. त्याला विचारलं तर तो म्हणतो, निम्मं तो करतो. खरं काय?

दोघांनाही आपापलं खरं वाटतं. १९७९ मध्ये कॅनडात मायकल रॉस आणि फिओर सिकोली यांनी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, कुठल्या कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या आकड्यांची बेरीज बहुतेक कामांत शंभराच्या वर गेली. स्वतः केलेलं आठवतं, दुसऱ्याने केलेलं दिसतच नाही.

हे झालं आठवणीचं. पण आपल्या देशात घड्याळाचंही एक सत्य आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. तेव्हा ‘तुला उगाच वाटतं’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा. बऱ्याच वेळा आपण जिला ‘त्याची सवय’ म्हणतो ती सवय नसतेच, ते न केलेलं काम असतं. पसारा करणं ही सवय. पसारा दुसऱ्याने आवरायचा हा हिशेब.

आणि मिनिटांत न मावणारं एक काम राहतंच: लक्षात ठेवणं. गॅस नोंदवायचा, दूधवाल्याचे पैसे, नणंदेच्या मुलीचा वाढदिवस, आईची बीपीची गोळी संपत आलीय. ‘तू सांग, मी करतो’ असं म्हणणाऱ्या नवऱ्याला हे सांगणंच थकवणारं आहे हे कळत नाही. आम्ही कामं नाही, खाती वाटून घेतली. बिलं, गाडी आणि सोसायटी पूर्ण त्याच्याकडे. एकदा वीजबिल भरायचं राहिलं, नोटीस आली, मी तोंडातून शब्द काढला नाही. फार अवघड गेलं ते.

सासूबाई म्हणतात, ‘तो लहानपणापासून असाच आहे.’

खरं बोलतायत. विचारा, ‘मग तुम्ही काय करायचात?’ उत्तर बहुतेक ‘मी उचलून ठेवायचे’ हेच येईल. सगळी कहाणी त्यात आहे.

नवरा निवृत्त झालाय. दिवसभर घरात. मला वेड लागायची पाळी आलीय.

याबद्दल कुणी आधी सांगत नाही. साठीच्या समारंभात शाल-श्रीफळ देतात, घरच्या बाईला सूचना देत नाहीत. तीस-पस्तीस वर्षं दिवसाचे दहा-बारा तास घर तुमचं होतं. आता अकरा वाजता तो ओट्याशी येऊन उभा राहतो आणि विचारतो, ‘मोहरी एवढी लागते?’ माझ्या एका शेजारणीच्या नवऱ्याने महिनाभरात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, फ्रिजमध्ये उरलेल्या आमटीवर तारीख घातली, आणि मोलकरणीच्या येण्या-जाण्याची वही सुरू केली. मोलकरीण सोडून गेली. शेजारीणही जाण्याच्या बेतात होती.

त्याच्या बाजूने एक बोलते: काल त्याच्या सहीशिवाय कागद हलत नव्हता, आज कुणी विचारत नाही. तो चिठ्ठ्या लावतोय कारण त्याला तेवढंच येतं.

तोडगा म्हणून घराच्या जागा आणि तास वाटून घ्या. सकाळी नऊ ते बारा स्वयंपाकघर तुमचं, त्यात प्रवेश नाही. त्या वेळी तो बाहेर: वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, भाजी, बँकेची कामं. एक वेळचं पूर्ण खातं त्याला द्या, म्हणजे संध्याकाळचा चहा आणि खाणं असेल तर मोहरीचा हिशेबही त्याचाच. त्याने केलेले पोहे चिकट झाले तर खा. शेजारणीने हेच केलं. तिचा नवरा आता रविवारी थालीपीठ लावतो, आणि पिठाच्या डब्यावर स्वतःच्याच अक्षरातली चिठ्ठी शोधत बसतो.

कुठली गोष्ट ‘सवय’ म्हणून सोडून द्यायची नाही?

हात उचलणं. शिवीगाळ. तुमचा पगार काढून घेणं किंवा घरखर्चाला पैसे न देणं. फोन तपासणं, माहेरी जाऊ न देणं. दारू पिऊन धिंगाणा. ‘त्याचा स्वभावच तापट’ या वाक्याखाली आपल्याकडे फार काही झाकलं गेलंय.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, मारहाणीपुरता नाही. मानसिक, शाब्दिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. महिलांसाठी १८१ हा मदतीचा फोन आहे, आणि तातडीला ११२. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारातच बसणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत १९८४ मध्ये पहिला सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या आधी ऐकून घेतात. या पानावरचे हूक आणि टोपल्या इथे लागू नाहीत.

समुपदेशकाकडे जायचं म्हटलं तर नवरा म्हणतो, ‘आपण काय वेडे आहोत?’

एकट्या जा. एकानेही वागणं बदललं तरी भांडणाची चाल बदलते. फोनवरून सुरुवात करायची तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही आणि मोफत आहे.

माझ्या कुठल्या सवयीचा त्याला त्रास होतो, हे विचारू का?

विचारा, पण पोट भरलेलं असताना. मी एकदा एसटीत विचारलं होतं, महाडच्या पुढे. मला वाटलं, म्हणेल ‘काही नाही गं.’ त्याने खिडकीबाहेर बघत लगेच तीन सांगितल्या, जणू खिशात यादी होती. मी ड्रॉवर अर्धवट उघडे ठेवते. रात्री दिवा मालवल्यावर उद्याची कामं मोजून दाखवते, मग मला झोप लागते आणि तो जागा राहतो. आणि चहा अर्धा पिऊन कप कुठेही ठेवते.

दुसरीचा मला पत्ताच नव्हता. त्या रात्रीपासून कामं मी वहीत लिहून ठेवते. ड्रॉवरचं बरंच जमलंय. कप परवा गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे सापडला, मुंग्यांसकट.